डॅशकॅमची वायर कुठे जोडायची? 'डायरेक्ट' की 'चावीवर'?

शुक्रवारी रात्री गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली, बॅगा उचलल्या आणि ट्रेनने गावाला गेलात. मंगळवारी परत येऊन चावी फिरवली, तर नुसता 'टक टक टक' आवाज. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि गेले. मग वॉचमन, शेजारचे काका आणि दुधाची पिशवी घेऊन चाललेला एखादा भला माणूस, असे तिघं मिळून धक्का मारतात. गाडी ऑटोमॅटिक असेल तर त्याचाही उपयोग नाही. शेवटी मेकॅनिक येतो, बॅटरीकडे बघतो आणि म्हणतो, "गेली. नवीन टाका."

बॅटरी गेलेली असेलच असं नाही. कित्येकदा दोषी असतो तो काचेवर चिकटवलेला छोटासा कॅमेरा. तुम्ही गावाला आमरस खात होतात तेव्हा तो पार्किंगमधल्या खांबाचं चार दिवस अखंड शूटिंग करत होता. कारण बसवणाऱ्याने त्याची वायर 'डायरेक्ट' जोडली होती.

डॅशकॅम घ्यायचा हे एव्हाना बऱ्याच जणांनी ठरवलंय. कोणता घ्यायचा याचे व्हिडिओही ढिगाने आहेत. पण त्याला वीज कुठून द्यायची, यावर फारसं कुणी बोलत नाही. खरं तर बॅटरी, वॉरंटी आणि क्वचित अख्खी गाडीसुद्धा याच एका प्रश्नावर अवलंबून असते.

चावी बंद केली म्हणजे सगळं बंद होतं का?

नाही. गाडीत वीज ढोबळमानाने दोन प्रकारच्या लाइनमधून फिरते. पहिली कायम चालू असणारी. चावी काढा, गाडी लॉक करा, आठवडाभर विसरून जा, तरी या लाइनमध्ये १२ व्होल्ट असतातच. सेंट्रल लॉकिंग, घड्याळ, हॅझर्डचे दिवे, दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा हे सगळं यावर चालतं. ऑटो इलेक्ट्रिशियन हिलाच 'डायरेक्ट' म्हणतात.

दुसरी लाइन चावीच्या हुकमावर चालते. इंग्रजीत हिला 'स्विच्ड पॉवर' म्हणतात, आपण 'चावीवरची लाइन' म्हणू. चावी फिरवली की वीज येते, काढली की जाते.

चावीच्या जागाही समजून घ्या. लॉकनंतर पहिली येते 'एसीसी', म्हणजे ॲक्सेसरी. इथे म्युझिक सिस्टीम आणि चार्जिंगचं सॉकेट चालू होतं. दुसरी 'ऑन', जिथे पंखा, पॉवर विंडो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जागा होतो. तिसरी 'स्टार्ट'. इंजिन चालू होईपर्यंत आपण चावी तिथे धरून ठेवतो. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबलं की बहुधा एसीसी मिळतं, दुसऱ्यांदा दाबलं की ऑन.

एक गंमत इथे आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये स्टार्टच्या क्षणी एसीसीची वीज मुद्दाम तोडलेली असते. स्टार्टर मोटर त्या दोन-तीन सेकंदांत शंभराहून जास्त ॲम्पिअर ओढते, तेव्हा बाकीच्यांनी जरा थांबावं अशी ती व्यवस्था. म्हणून एसीसीवर जोडलेला कॅमेरा गाडी सुरू करताना एकदा बंद होऊन पुन्हा चालू होतो. तो बिघाड नाही. त्यासाठी दुकानात भांडायला जाऊ नका.

चार दिवसांत बॅटरी कशी संपते?

हिशोब सोपा आहे. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ ॲम्पिअर-अवर क्षमतेची बॅटरी असते. म्हणजे १ ॲम्पिअर वीज सलग ओढली तर ती ढोबळमानाने ३५ तास पुरेल. डॅशकॅम १२ व्होल्टच्या बाजूने ओढतो ०.३ ॲम्पिअरच्या आसपास. अगदीच किरकोळ वाटतं. पण ०.३ गुणिले २४ केलं की दिवसाला ७.२ ॲम्पिअर-अवर होतात. चार दिवसांत जवळजवळ २९.

उरले सहा. त्यात गाडीचं स्वतःचं घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर हेही थोडं थोडं खात असतात. आणि इतकी उतरलेली बॅटरी स्टार्टरला शंभर ॲम्पिअर देऊ शकत नाही. बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर तिची क्षमता आधीच घटलेली असते, मग चार दिवसही लागत नाहीत.

यात आणखी एक तोटा आहे, तो लगेच दिसत नाही. गाडीची बॅटरी एका झटक्यात भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते, तळापर्यंत रिकामी होण्यासाठी नाही. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी वेगळी आणि ही वेगळी. ही पूर्ण उतरली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि नंतर चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. दोन-तीनदा असं झालं की मेकॅनिकचं "गेली" खरं ठरतं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. तुमच्या गाडीतही १२ व्होल्टची एक वेगळी छोटी बॅटरी असतेच. दारं, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती उतरली तर खाली मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

हा प्रश्न आजचा नाही

अमेरिकेत २००१ मध्ये 'एक्सएम' आणि २००२ मध्ये 'सिरियस' या कंपन्यांनी उपग्रहावरून येणारा रेडिओ सुरू केला. २००८ मध्ये दोन्ही एक होऊन 'सिरियस एक्सएम' झाल्या. ज्यांच्या गाडीत तो कंपनीकडून आलेला नव्हता, त्यांनी वेगळा छोटा रिसीव्हर घेऊन डॅशबोर्डवर बसवला आणि त्यांच्यापुढे हाच प्रश्न आला: लोंबणारी वायर लायटरच्या सॉकेटात घालू की आतून चावीवर जोडू? तिकडे थंडीत शून्याखाली तापमान गेलं की बॅटरी तशीच अर्धमेली होते, त्यामुळे डायरेक्ट जोडणाऱ्यांना धडा लवकर मिळायचा. आपल्याकडे 'वर्ल्डस्पेस'चा सॅटेलाइट रेडिओ २००९ च्या अखेरीस बंद पडला, आणि तो ऐकला जायचा तोही मुख्यतः घरात. त्यामुळे गाडीतल्या वायरीचा हा वाद आपल्यापर्यंत आला तो डॅशकॅमबरोबर.

त्या मंडळींना जे कळलं ते आजही तसंच लागू आहे: वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. बाहेरून घेतलेल्या म्युझिक सिस्टीमच्या हार्नेसमध्ये पिवळी वायर कायम चालू लाइनची (घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला), लाल चावीची आणि काळी अर्थची, असा सर्वसाधारण रिवाज आहे. पण तो त्या सिस्टीमपुरता. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचे रंग स्वतःचे असतात, आणि काही गाड्यांच्या मूळ सॉकेटमध्ये डायरेक्ट आणि चावीची जागा चक्क उलटी असते. रंग बघून जोडणी करणारा माणूस खरं तर अंदाजाने जोडणी करत असतो.

आधी सॉकेट तपासा

वायरिंगला हात लावण्याआधी एक साधी गोष्ट करा. मोबाइलचा चार्जर गाडीच्या सॉकेटात लावा, चावी काढा, गाडी लॉक करा आणि अर्ध्या तासाने काचेतून बघा. चार्जरचा दिवा विझलेला असेल तर तुमचं सॉकेट चावीवर आहे. मग कॅमेऱ्याबरोबर आलेला प्लग तिथे लावला की काम झालं. ना दुकान, ना खर्च, ना वॉरंटीची काळजी. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं.

अर्धा तास का? कारण अनेक नव्या गाड्या चावी काढल्यावरही काही मिनिटं काही लाइन जिवंत ठेवतात. लगेच बघितलं तर चावीवरची लाइनही डायरेक्ट वाटू शकते.

सॉकेटच कायम चालू असेल, किंवा तिथे मोबाइल लागत असेल, किंवा गिअरपाशी लोंबणारी वायर डोळ्यांत खुपत असेल, तरच पुढचं वाचा.

फ्यूज कोणाला वाचवतो?

"फ्यूज कॅमेऱ्याला वाचवतो" असं बहुतेकांना वाटतं. ते चूक आहे. फ्यूज वायरला वाचवतो, म्हणजे पर्यायाने गाडीला.

समजा कॅमेऱ्याची वायर दाराच्या पट्टीत सापडली, वर्षभर घासली आणि तिचं आवरण फाटून आतली तार पत्र्याला टेकली. बॅटरीच्या दृष्टीने आता मध्ये कॅमेरा उरलाच नाही. प्लसमधून निघालेली वीज थेट मायनसला परततेय. बॅटरी अशा वेळी शेकडो ॲम्पिअर देऊ शकते. केसासारखी बारीक तार काही सेकंदांत लाल होते. तिच्या भोवती असतं प्लास्टिक, फोम आणि सीटचं कापड.

म्हणून नियम असा: फ्यूज वीज जिथून घेतली तिथे, त्या टोकाला, जितका जवळ तितका चांगला. कॅमेऱ्याजवळ बसवलेला फ्यूज मधल्या दोन मीटर वायरचं काहीही रक्षण करत नाही.

आता दुकानात सर्रास होणारा प्रकार बघा. डॅशबोर्डखाली हात घालून सॉकेटची एखादी वायर शोधायची, ब्लेडने सोलायची, त्यावर कॅमेऱ्याची तार पिळायची आणि वर काळी टेप. गिऱ्हाईकाला सांगायचं, "सॉकेटचा फ्यूज आहे ना त्याला, टेन्शन नाही." फ्यूज आहे हे खरं, पण तो असतो १५ किंवा २० ॲम्पिअरचा. तो सॉकेटच्या जाड वायरसाठी आहे. पूर्ण शॉर्ट झाला तर तो उडेलही. पण अर्धवट शॉर्ट झाला आणि समजा १० ॲम्पिअर वाहू लागले, तर २० चा फ्यूज शांत बसून राहील आणि बारीक वायर तापत जाईल. त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच चाललेलं असतं.

टेपचंही तेच. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत इतकी उष्णता होते की साध्या टेपचा गोंद पाघळतो. टेप सुटते, आणि पिळलेली तार खड्ड्यांनी सैल होते. सैल जोड म्हणजे ठिणगी. आमच्या घरच्या गाडीत असाच एक जोड निघाला होता. एफएम लावला की खरखर यायची म्हणून सगळे अँटेनाला दोष देत होते. पॅनेल उघडल्यावर काळी पडलेली टेप आणि वितळलेलं प्लास्टिक दिसलं. त्या दिवसापासून मी 'पंधरा मिनिटांत करून देतो' या वाक्याला घाबरते.

योग्य लाइन कशी शोधायची?

यासाठी मल्टिमीटर हवा. अगदी स्वस्तातला साधा मीटरही पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

आपल्या गाड्यांमध्ये आतला फ्यूजबॉक्स बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगच्या खाली असतो. काहींमध्ये ग्लव्ह बॉक्सच्या मागे. बॉनेटखाली दुसरा असतो, पण कॅमेऱ्यासाठी आतलाच बरा. कोणता फ्यूज कशाचा हे झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका गाडी घेतल्यापासून प्लास्टिकमध्येच असेल, आज उघडा.

ब्लेड फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. फ्यूज न काढताही तिथे टोक टेकवून मोजता येतं. मीटरची काळी वायर न रंगवलेल्या एखाद्या बोल्टला लावा, लाल टोक ठिपक्याला. चावी बंद असताना शून्य यायला हवं. चावी एसीसी किंवा ऑनवर केली की १२ च्या वर. इंजिन चालू केलं की १३.५ ते १४.५, कारण आता आल्टरनेटर बॅटरी भरतोय. पुन्हा बंद करून, गाडी लॉक करून अर्ध्या तासाने परत शून्य. हे सगळं जुळलं तर ती चावीवरची लाइन.

पण चावीवरची प्रत्येक लाइन आपल्या कामाची नाही. एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, इंजिन कॉम्प्युटर, फ्युएल पंप, हेडलाइट यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही. कितीही सोयीच्या जागी असले तरी नाही. सॉकेटचा फ्यूज सगळ्यात उत्तम. तो बिघडला तर फार तर मोबाइल चार्ज होणार नाही. मागचा वायपर असेल तर त्याचाही चालतो.

फ्यूज टॅप: छोटा तुकडा, मोठं काम

गाडीची मूळ वायर न कापता वीज घेण्याचा मार्ग म्हणजे 'फ्यूज टॅप', काही ठिकाणी याला 'ॲड-अ-फ्यूज' म्हणतात. एका छोट्या होल्डरला खाली दोन पाय, वर फ्यूजसाठी दोन खाचा आणि बाजूला एक वायर. मूळ फ्यूज काढायचा, तो होल्डरच्या खालच्या खाचेत घालायचा, वरच्या खाचेत कॅमेऱ्यासाठी नवा छोटा फ्यूज आणि मग अख्खा होल्डर मूळ जागी खोचायचा. दोघांचे फ्यूज वेगळे. कॅमेऱ्याची वायर शॉर्ट झाली तर फक्त कॅमेऱ्याचा फ्यूज उडतो.

कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ ॲम्पिअर पुरतात. फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. दुकानदाराने "२ चा नाही, १५ चा टाकतो, जास्त मजबूत" असं म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. फ्यूजमध्ये मजबूत हा गुण नसतो. वेळेवर तुटणं हेच त्याचं काम. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा तार घालणाऱ्याकडे परत जाऊ नका.

टॅपचे आकार वेगवेगळे असतात: साधा, मिनी, लो-प्रोफाइल मिनी, मायक्रो. जुना फ्यूज काढून त्याच्याशी पाय जुळवून बघा. जाड पायाचा टॅप बारीक खाचेत ठोकून बसवला तर खाच कायमची सैल होते, आणि फ्यूजबॉक्स बदलण्याचा खर्च कॅमेऱ्याहून जास्त येऊ शकतो.

एक बारकावा अनुभवी माणसंही विसरतात. टॅपला दिशा असते. फ्यूज काढल्यावर उरलेल्या दोन खाचांपैकी एकीतच वीज असते. चावी ऑन करून मीटरने ती शोधा. टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना वीज पुरवतो, तो याच खाचेत जायला हवा. कोणता, ते अनेकदा पाकिटावर चित्रात दाखवलेलं असतं. उलटा बसवला तरी कॅमेरा चालू होतो, म्हणूनच चूक लक्षात येत नाही. पण मग कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो आणि त्याच्यावर दोघांचा भार पडतो.

काळी वायर, म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला घट्ट बसलेल्या बोल्टखाली, रिंग लावून. प्लास्टिकमध्ये घुसलेला स्क्रू चालत नाही, रंगाचा थर असलेली जागाही नाही. कॅमेरा अधूनमधून आपोआप बंद-चालू होत असेल तर पहिला संशय या जोडावर घ्या.

फ्यूजबॉक्समधून येतात १२ व्होल्ट, आणि कॅमेऱ्याला लागतात बहुधा ५. त्यामुळे मध्ये हार्डवायर किट लागतं, ती एक छोटी डबी असते. फार स्वस्तातलं किट घेतलं तर ते एफएममध्ये खरखर आणतं. मालवाहू गाडी किंवा बस असेल तर तिथे २४ व्होल्ट असतात, तेव्हा किटवर '१२/२४' लिहिलंय ना ते बघून घ्या.

काचेच्या बाजूचा खांब: इथे सगळ्यात जास्त जपायचं

फ्यूजबॉक्सपासून आरशापर्यंत वायर नेताना ती पुढच्या काचेच्या कडेच्या खांबातून, म्हणजे ए-पिलरमधून वर जाते. ज्या गाड्यांमध्ये कर्टन एअरबॅग आहे, त्यात ती छताच्या कडेने याच खांबापर्यंत गुंडाळून ठेवलेली असते. अपघातात ती क्षणार्धात पडद्यासारखी खाली उघडते आणि डोकं काचेवर आदळू देत नाही.

वायर या पिशवीच्या पुढून, म्हणजे तुमच्या बाजूने गेली तर उघडणाऱ्या पिशवीच्या आड ती येते. पिशवी नीट उघडणार नाही, किंवा वायर आणि तिचे क्लिप जोरात आत फेकले जातील. वायर पिशवीच्या मागून, गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याबरोबर बांधून न्यायची. खांबावर 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलेलं असेल आणि बसवणारा माणूस कव्हर न काढता बोटाने वायर फटीत कोंबत असेल, तर काम तिथेच थांबवा. पिवळ्या कनेक्टरना हात नको, ते एअरबॅगचे. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली तर तीही तशीच, हात लावायचा नाही.

पार्किंग मोडचा मोह

"पण गाडी उभी असताना कुणी ठोकून गेलं तर?" प्रश्न रास्त आहे. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याला तर अगदीच. यासाठी तीन वायरींचं किट येतं: एक डायरेक्ट लाइनला, एक चावीच्या लाइनला, एक अर्थला. चावीची वायर कॅमेऱ्याला सांगते, 'गाडी बंद झाली', आणि तो पार्किंग मोडमध्ये जाऊन डायरेक्ट लाइनवर चालतो. बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली उतरली की किट कॅमेरा बंद करतं.

ते व्होल्टेज किती ठेवायचं हा खरा मुद्दा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. काही किटवर ११.६ किंवा ११.८ चा पर्यायही असतो. जास्त तास रेकॉर्डिंग मिळावं म्हणून लोक तोच निवडतात आणि सकाळी धक्का मारतात. १२.२ च्या खाली जाऊ नका. गाडी फक्त शनिवार-रविवारी बाहेर निघत असेल, किंवा रोजचा प्रवास घर ते स्टेशन असा दहा मिनिटांचा असेल, तर बॅटरी मुळातच पूर्ण भरत नाही. अशांनी पार्किंग मोड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाचाही विचार करा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, बंद काचेमागे त्याहून कितीतरी जास्त. आत लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा अशा उन्हात फुगू शकतो. सुपरकपॅसिटरवाला कॅमेरा उष्णता जास्त सोसतो. तो स्वतःच्या जिवावर काही सेकंदच चालतो, पण वीज गेल्यावर शेवटची फाइल नीट जपायला तेवढं पुरतं. तरी दुपारच्या उन्हात पार्किंग मोड बंद ठेवलेलाच बरा.

निदान बंदरासाठी म्हणून बाजारात 'ओबीडी'मधून वीज घेणारी किटही आहेत: स्टिअरिंगखालच्या सर्व्हिस सॉकेटात खोचलं की झालं. पण त्या सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर वीज कायम चालू असते. म्हणजे दिसायला सोपं, असायला डायरेक्टच. त्यात व्होल्टेज कट-ऑफ आहे का हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

दुकानात द्यायचं असेल तर

स्वतः करायचं नसेल तर काहीच हरकत नाही. पण गाडी देताना चार वाक्यं बोला: "मूळ वायर कापायची नाही. फ्यूज टॅप वापरा. कॅमेऱ्याचा फ्यूज ३ चा. खांबाचं कव्हर काढून वायर एअरबॅगच्या मागून." समोरचा माणूस काम जाणणारा असेल तर त्याला हे ऐकून बरंच वाटेल. "एवढं कशाला, डायरेक्ट मारतो" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. बाहेर वायर कापून घेतलेली दिसली तर विजेच्या बिघाडाचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

कॅमेरा आधीच बसवून झाला असेल तर आज रात्रीच तपासा. गाडी लॉक करा, अर्ध्या तासाने खाली जाऊन काचेतून कॅमेऱ्याचा दिवा बघा. चालू असेल आणि तुम्ही पार्किंग मोड मागितलेला नसेल, तर तो डायरेक्ट लाइनवर आहे.

आणि पुढे गाडी विकायची झाली, तर टॅपचा एक फायदा तेव्हाही कळतो. होल्डर ओढून काढायचा, मूळ फ्यूज पुन्हा त्याच्या जागी घालायचा, अर्थचा बोल्ट आवळायचा. पाच मिनिटांत गाडी जशी शोरूममधून आली होती तशी, आणि कॅमेरा पुढच्या गाडीसाठी तुमच्या खिशात.